ठरावापासून तळ्यापर्यंत

दादरच्या पोर्तुगीज चर्चकडून प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाकडे जाणारा रस्ता मुंबईकरांच्या चांगला पायाखालचा आहे. मंगळवारी तिथे हारफुलांच्या गर्दीतून वाट काढावी लागते. या रस्त्याचे नाव एस. के. बोले मार्ग. पण हे बोले कोण, असे विचारले तर दहांतले नऊजण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. मराठी पुस्तकांत ते 'रावबहादूर सी. के. बोले' म्हणून भेटतात. पूर्ण नाव सीताराम केशव बोले. जन्म १८६८ चा, मृत्यू १९६१ चा.

नारायण मेघाजी लोखंडे १८९७ साली वारले आणि मुंबईच्या गिरणी कामगाराचा वाली गेला. विसाव्या शतकाचे पहिले दशक संपत आले, तेव्हा ही उणीव भरून काढायला 'कामगार हितवर्धक सभा' उभी राहिली. तिच्या संस्थापकांत बोले होते. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हे. अर्ज करावेत, कामाचे तास कमी करा म्हणून सरकारला विनवावे, 'कामगार समाचार' हे पत्र काढावे, तंटा झाला तर मध्ये पडून मिटवावा, असे तिचे काम. पुढच्या काळातल्या लढाऊ पुढाऱ्यांना हे सारे मिळमिळीत वाटले. 'अर्जविनंत्यांचे राजकारण' म्हणून त्याची संभावनाही झाली.

मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला अर्जाच्या भाषेचे विशेष कौतुक असायचे कारण नाही. पण बोल्यांचा एक कागद मात्र मी वर्गात आवर्जून सांगतो.

कामगारांचा हा कैवारी पुढे मुंबई कायदे कौन्सिलात बसला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या वा चालवलेल्या विहिरी, पाणवठे आणि धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कोर्टकचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. यातली मेख 'सार्वजनिक पैशाने' या शब्दांत आहे. बोल्यांनी धर्मशास्त्राचा वाद घातलाच नाही. पैसा सगळ्यांचा, तर पाणीही सगळ्यांचे. एवढा सरळ हिशेब!

पण कौन्सिलाचा ठराव म्हणजे कायदा नव्हे, शिफारस. त्याच सप्टेंबरात सरकारने खात्याखात्यांना हुकूम धाडले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तळ्याच्या पायऱ्यांवर मात्र काहीच बदलले नाही. तेव्हा १९२६ च्या ऑगस्टमध्ये बोल्यांनी दुसरा ठराव मांडला: ज्या संस्था हे अमलात आणणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करा. विनवणीने भागत नाही, तिथे नाडी कुठे दाबायची, हे त्यांना ठाऊक होते.

"म्हणजे सर, शेवटी तो कागदच की!" वर्गातून हटकून असा आवाज येतो. प्रश्न रास्त आहे. तळ्याचे पाणी ठरावाने चाखता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यामागून हजारो माणसे चालत गेली, ओंजळी भरल्या, मागाहून मारही खाल्ला. पण ती माणसे गेली ती नगरपालिकेने मान्य केलेला हक्क बजावायला. त्या कागदाची धास्ती इतकी, की ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला चार वर्षे पुरी झाली त्याच दिवशी, महाडच्या नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला! निव्वळ कागदाला कोण इतके भिते? पुढे खटला चालला आणि १९३७ च्या मार्चमध्ये हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १९०७ च्या सुमारास मुंबईत एक महार मुलगा मॅट्रिक झाला, म्हणून त्याच्या सत्काराची सभा भरली. कृष्णराव अर्जुन केळूसकरांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्या सभेचे अध्यक्ष होते बोले, आणि तो मुलगा होता भीमराव आंबेडकर.

१९५० साली राज्यघटना अमलात आली, तेव्हा बोले ऐंशी ओलांडून गेले होते. मसुदा समितीचे अध्यक्ष होते तेच भीमराव. घटनेचे पंधरावे कलम काढून पाहावे. सरकारी पैशाने राखलेल्या विहिरी, तळी आणि घाट यांच्या वापराला जातीवरून कोणालाही आडकाठी करता येणार नाही, असे तिथे लिहिले आहे. कौन्सिलातला तो जुना हिशेब तिथे कायदा होऊन बसला आहे.