लिनिअर ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर: निवडायचा कसा, बदलायचा कसा

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून इथे ते सविस्तर दिले आहेत.)

गेल्या भागात आपण घरी बनवायच्या एचएफ लिनिअरच्या ट्यूब्ज पाहिल्या. त्यानंतर बहुतेकांनी एकच गोष्ट विचारली. ट्यूब मिळते, सॉकेट मिळतो, पण हाय व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर आणायचा कुठून? तर आजचा भाग फक्त त्यावर.

आधी एक गोष्ट स्पष्ट बोलून घेऊ. आज आपण हजार-दीड हजार व्होल्टच्या डीसीबद्दल बोलतोय. या सप्लायला चुकून लागलेला हात पुन्हा काम करेलच असं नाही, आणि कित्येकदा माणूसच राहत नाही. ज्यांनी आजवर फक्त १२ व्होल्टची किट्स जोडली आहेत, त्यांनी पहिला हाय व्होल्टेज सप्लाय एखाद्या अनुभवी हॅमच्या शेजारी बसूनच करावा. आणि आपल्या परवान्याच्या श्रेणीला किती पॉवर चालते ते आधी पाहा. त्याहून मोठा ट्रान्सफॉर्मर शोधण्यात अर्थ नाही.

आधी गरज कागदावर मांडा

बाजारात जाऊन "मोठा ट्रान्सफॉर्मर द्या" म्हणायचं नाही. आधी ट्यूब ठरवायची, मग आकडे मांडायचे.

उदाहरण म्हणून दोन ८११ए घेऊ. ग्राउंडेड ग्रिडमध्ये त्या छान चालतात आणि साधारण १२५० व्होल्टपर्यंत त्यांना वेगळा बायस लागत नाही. आपण लोडवर १२०० व्होल्ट आणि दोन्ही ट्यूब्जचा मिळून ३०० मिलिअँपिअर असं धरू. म्हणजे ३६० वॅट डीसी इनपुट.

आता बरेच जण म्हणतात, ३६० वॅट हवेत, मग ४०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरे. इथे गोम आहे. रेक्टिफायरनंतर थेट कपॅसिटर असला की डायोड पूर्ण वेळ वाहत नाहीत. लाटेच्या टोकाशी थोडा वेळ वाहतात आणि तेवढ्यात सगळा करंट ओढून घेतात. त्यामुळे वाइंडिंगमधला आरएमएस करंट डीसीच्या साधारण १.७ पट होतो. आपला हिशेब मग सुमारे ४८५ व्हीएवर जातो.

पण घाबरू नका, कारण आपण दिवसभर कॅरिअर दाबून बसत नाही. लोखंड आणि तांबं तापायला वेळ लागतो, म्हणून सरासरी बघायची. एफटी-८ चं उदाहरण घ्या. ३० सेकंदांत साधारण साडेबारा सेकंद ट्रान्समिट, म्हणजे ४२ टक्के. तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून ०.४२ चं वर्गमूळ घ्यायचं: ०.६५. ४८५ ला ०.६५ ने गुणलं की साधारण ३१५ व्हीए येतात. एसएसबीवर बोलताना याहूनही कमी. मात्र व्होल्टेज किती पडेल हे सरासरीवर नाही, शिखराच्या करंटवर ठरतं. म्हणून मी ४०० ते ५०० व्हीएचं लोखंड घ्या असं सांगेन. आरटीटीवाल्यांनी सवलत धरू नये, त्यांनी पूर्ण आकडा घ्यावा.

ब्रिज की डबलर?

ब्रिज रेक्टिफायरमध्ये बिनलोडचा डीसी म्हणजे आरएमएसच्या १.४१ पट. लोडवर १२०० हवे असतील तर बिनलोडला १३५० धरा, म्हणजे सेकंडरी ९५० व्होल्टची हवी. फुल-वेव्ह डबलरमध्ये २.८३ पट मिळतात, म्हणून तिथे ४८० व्होल्टची सेकंडरी पुरते. करंट मात्र दुप्पट, तार जाड.

घरी काम करणाऱ्याला डबलर सोयीचा पडतो. वळणं निम्मी, थरांमधलं व्होल्टेज कमी, आणि मुख्य म्हणजे ४००-४८० व्होल्टचे तयार ट्रान्सफॉर्मर सापडतात. एकच लक्षात ठेवा: डबलरमध्येही वाइंडिंगचं एक टोक कोरच्या मानाने पूर्ण १३५० व्होल्टपर्यंत जातं. सेकंडरी ४८० ची आहे म्हणून इन्सुलेशनही ४८० चं चालेल, असं नाही.

माल कुठे आणि कसला

पहिली पसंती माझ्या मते कंट्रोल ट्रान्सफॉर्मरला. कारखान्यांच्या पॅनेलमध्ये ४१५ व्होल्ट घेऊन २३० व्होल्ट देणारे ट्रान्सफॉर्मर असतात. पॅनेल भंगारात निघालं की तेही निघतात. भोसरी, अंबड, वाळूज अशा एमआयडीसींच्या आसपासच्या भंगारवाल्यांकडे चौकशी करा. हा ट्रान्सफॉर्मर उलटा वापरायचा. २३० च्या बाजूला मेन्स, ४१५ च्या बाजूने आपला डबलर. उलटा वापरताना पूर्ण ४१५ मिळत नाहीत, कारण बनवणाऱ्याने मूळ सेकंडरीला लोडवरची घट भरून काढायला थोडी जास्त वळणं दिलेली असतात. ४०० धरा. डबलरनंतर बिनलोड ११३० आणि लोडवर हजाराच्या आसपास. दोन ८११ए ना हजार व्होल्ट चालतात, थोडी पॉवर कमी मिळेल इतकंच. एकही वळण न गुंडाळता काम झालं!

दुसरा माल म्हणजे घरगुती इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मर. लोडशेडिंगच्या वर्षांनी आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आणले, आणि त्यांचे बोर्ड जळले तरी लोखंड शाबूत असतं. यात जाड तारेची बॅटरीची वाइंडिंग काढून तिथे आपली सेकंडरी गुंडाळायची. ती जाड वाइंडिंग बाहेरच्या बाजूला असेल तर काम सोपं. विकत घेण्याआधी तार खरवडून पाहा, स्वस्तातल्या मालात ॲल्युमिनियम निघतं. ॲल्युमिनियमची प्रायमरी तितक्याच जाडीच्या तांब्यापेक्षा जास्त तापते.

तिसरा, स्टॅबिलायझरचा. सावध! तो ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, मेन्स आणि आउटपुट एकाच तारेवर. वेगळेपणा, म्हणजे आयसोलेशन, शून्य. जसाच्या तसा कधीही वापरू नका. लोखंड वापरायचं असेल तर सगळी तार काढून नव्याने भरा.

चौथा, परदेशातून आलेला जुना माल. त्यावर "११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ" लिहिलं असेल तर दोन ११५ च्या प्रायमऱ्या सिरीजमध्ये जोडून २३० होतात हे खरं. पण आपल्याकडे ५० हर्ट्झ आहेत. त्याच व्होल्टेजला कोरमधला फ्लक्स २० टक्के वाढतो. कमी मार्जिनचा कोर बिनलोडलाच गुणगुणायला आणि तापायला लागतो.

मायक्रोवेव्ह ओव्हनचं काय?

हा प्रश्न हमखास येतो. वजनदार, स्वस्त, साधारण २००० व्होल्ट देणारा. मोह होणारच. पण त्याचे गुण-दोष नीट ओळखा.

पहिलं, हाय व्होल्टेज वाइंडिंगचं एक टोक कोरला जोडलेलं असतं, म्हणून सरळ ब्रिज लावता येत नाही. ते टोक सुटं केलं तरी त्या बाजूचं इन्सुलेशन हाय व्होल्टेजसाठी बनवलेलं नसतं. दुसरं, लोखंड जेमतेम वापरलेलं असतं. कोर सॅच्युरेशनच्या उंबऱ्यावर चालतो, बिनलोड करंट भरपूर, आणि पंख्याशिवाय तो टिकत नाही. तिसरं, प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये लोखंडी पट्ट्यांचे शंट असतात. त्यांनी करंट मर्यादित होतो, पण लोडवर व्होल्टेजही ढासळतं.

एक युक्ती ऐकायला फार छान वाटते: दोन ट्रान्सफॉर्मर घ्या, प्रायमऱ्या सिरीजमध्ये टाका म्हणजे प्रत्येकाला ११५ व्होल्ट, सेकंडऱ्या उलट फेजमध्ये, आणि कोर मध्यबिंदू धरून दोन डायोडचा फुल-वेव्ह. कागदावर १४०० च्या वर व्होल्ट. प्रत्यक्षात एका अर्धलाटेत एकाच ट्रान्सफॉर्मरवर लोड असतो. लोड असलेल्या प्रायमरीवरचं व्होल्टेज खाली बसतं आणि रिकाम्या प्रायमरीवर जाऊन पडतं. व्होल्टेज निम्मं-निम्मं वाटलं जातच नाही. उलट फेजची जोडणी करायचीच तर प्रायमऱ्या पॅरललमध्ये हव्यात, आणि मग डीसी २८०० च्या वर जातो, जो ८११ए साठी नाहीच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा ट्रान्सफॉर्मर दयामाया करत नाही. लाकडावर विजेने नक्षी जाळण्याच्या छंदात अमेरिकेत याच ट्रान्सफॉर्मरने अनेकांचे जीव घेतले आहेत. ओव्हन उघडताना आतला कपॅसिटरही भरलेला असू शकतो. मला विचाराल तर याची हाय व्होल्टेज वाइंडिंग कापून काढा, शंट ठोकून काढा, आणि लोखंडाचा उपयोग कमी व्होल्ट-जास्त करंटच्या सप्लायसाठी करा.

अनोळखी ट्रान्सफॉर्मरची परीक्षा

जुन्या बाजारातून आणलेला ट्रान्सफॉर्मर थेट प्लगमध्ये घालायचा नाही. क्रम असा:

१. मल्टिमीटरने वाइंडिंग्ज ओळखा, आणि प्रत्येक वाइंडिंग ते कोर मेगरने तपासा. ५०० व्होल्टचा मेगर आपल्या कामाला अपुरा, निदान १००० चा आणि जमल्यास २५०० चा मिळवा.

२. सिरीज बोर्ड लावा. वायरमन वापरतात तोच, १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये. चांगला ट्रान्सफॉर्मर असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो किंवा विझतो. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे.

३. मग थेट मेन्सवर बिनलोड करंट मोजा. ५०० व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण करंट २.२ अँपिअर होतो. बिनलोडला त्याच्या दहा टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम.

४. तासभर तसाच चालू ठेवा. मग प्लग काढून कोरला हात लावा. कोमट असेल तर ठीक. आतलं तापमान काढायचं तर वाइंडिंगचा रेझिस्टन्स थंड असताना आणि गरम असताना मोजा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० टक्के वाढला तर तापमान ५० अंशांनी चढलं.

गुंडाळायची वेळ आली तर

ईआय कोरची मधली दांडी मोजा. रुंदी ५ सेंटिमीटर, थर ५ सेंटिमीटर, तर क्षेत्रफळ २५. ढोबळ सूत्र: क्षेत्रफळाला १.१५ ने भागा आणि वर्ग करा. सुमारे ४७० व्हीए. आपल्याला पुरतो.

व्होल्टला वळणं किती? वाइंडिंगवाले चौरस इंचात "७ भागिले क्षेत्रफळ" म्हणतात. चौरस सेंटिमीटरमध्ये तेच ४५ भागिले क्षेत्रफळ. हा १ टेस्लाचा सावध हिशेब. पण प्रायमरी जुनीच ठेवणार असाल तर सूत्र बाजूला ठेवा आणि मोजा. कोरवर १० वळणं इन्सुलेटेड वायर गुंडाळा, प्रायमरीला मेन्स द्या, वायरवरचं व्होल्टेज वाचा. ६.७ व्होल्ट आले तर व्होल्टला दीड वळण. मग ४८० व्होल्टसाठी ७२० वळणं. मोजताना मेन्सही मोजा. ती २४५ असेल तर हिशेब २३० वर आणून घ्या.

तारेसाठी २४ एसडब्ल्यूजी सुपर एनॅमल. अर्धा किलोच्या आसपास लागेल, थोडी जास्त आणा. प्रत्येक थरावर पॉलिएस्टर फिल्म, आणि प्रायमरी-सेकंडरीमध्ये तीन-चार थर फिल्म व वर लेदरॉइड. थराच्या दोन्ही कडांना तीन-चार मिलिमीटर जागा मोकळी सोडा, कारण तार कडेने खालच्या थरात घसरली की पहिला स्पार्क तिथेच. स्टॅम्पिंगचे पत्रे आलटून-पालटून भरा, मग वार्निश करून भट्टीत वाळवून घ्या. हे वाइंडिंगच्या दुकानात करून घेतलेलं बरं, पण इन्सुलेशन कसं हवं ते कागदावर लिहून द्या.

ट्रान्सफॉर्मरनंतरचं थोडक्यात

फिलामेंटला वेगळा ट्रान्सफॉर्मर: ६.३ व्होल्ट, ८ अँपिअर. व्होल्टेज सॉकेटच्या पिनांवर मोजा, ६.० ते ६.६ च्या आत ठेवा. गावाकडे मेन्स खालीवर होते तिथे हे फार महत्त्वाचं, ट्यूबचं आयुष्य यावरच आहे.

मेन्स २५० झाली तर आपले १३५० बिनलोड १४७० होतात. म्हणून २२० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे चार कपॅसिटर सिरीजमध्ये, आणि डबलरचा मध्यबिंदू दोन-दोनच्या मधोमध. प्रत्येकावर १०० किलोओहम, ५ वॅटचा ब्लीडर. बंद केल्यावर ३० व्होल्टच्या खाली यायला जवळपास दीड मिनिट लागतं. एक ब्लीडर तुटला तर हा हिशेब कोलमडतो, म्हणून मीटरवर शून्य पाहिल्याशिवाय आणि अर्थिंगची काठी लावल्याशिवाय आत हात नाही. झाकण उघडलं की मेन्स तुटेल असा स्विच लावा. प्रायमरीत फ्यूज आणि सुरुवातीच्या धक्क्यासाठी वायरवाउंड रेझिस्टर, जो सेकंदाभराने रिलेने शॉर्ट होईल.

पैशाचं गणित सांगायचं तर ट्रान्सफॉर्मर ही लिनिअरमधली सगळ्यात जड आणि बरेचदा सगळ्यात महाग वस्तू. तिथे तास-दोन तास मोजमापात घातले तर पुढची ट्यूब वाचते, आणि ट्यूबपेक्षा मोलाचं जे आहे तेही वाचतं.

पुढच्या भागात पाय नेटवर्क आणि त्याची कॉइल. तुमच्याकडे पडलेल्या ट्रान्सफॉर्मरची कोरची मापं आणि बिनलोड करंट लिहून पाठवलेत तर त्यातल्या काहींचा हिशेब आपण पुढच्या वेळी सगळ्यांसमोर करू. तोवर एक हात खिशात ठेवा, आणि सेव्हन्टी थ्री!