आकडेमोडीची खुली वही

अमेरिकेतील कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांचा एक छोटेखानी निबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. सरकारी कर्जाचे प्रमाण देशाच्या एकूण उत्पादनाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले की आर्थिक वाढ खुंटते, असा त्याचा आशय होता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातील २० प्रगत देशांची आकडेवारी त्यांनी अभ्यासली होती. ही मर्यादा ओलांडणाऱ्या देशांची वार्षिक वाढ सरासरी उणे ०.१ टक्के असते, असे त्यांचे गणित सांगत होते. जगावर मंदीचे सावट असताना हा आकडा सरकारी खर्चात कपात करू पाहणाऱ्यांच्या हाती आयताच पडला. युरोपीय आयोगाचे तत्कालीन आर्थिक व्यवहार आयुक्त ओली रेन यांनी त्याचा आधार घेतला, तसाच तो अमेरिकी काँग्रेसचे सदस्य पॉल रायन यांच्या अर्थसंकल्पीय आराखड्यातही घेतला गेला.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील थॉमस हर्नडन या संशोधक विद्यार्थ्याने अभ्यासाचा भाग म्हणून हीच आकडेमोड पुन्हा करून पाहण्याचे ठरविले. उत्तर काही केल्या जुळेना. अखेर मूळ लेखकांनी आपली एक्सेलमधील कार्यपत्रिका त्यांना पाठविली आणि घोटाळा उलगडला. सरासरी काढणाऱ्या सूत्रात २० पैकी १५ देशांच्याच ओळी आल्या होत्या. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश गणिताबाहेर राहिले होते. काही वर्षांची आकडेवारी वगळणे आणि देशांना भार देण्याची पद्धत, हे याहून मोठे परिणाम करणारे आक्षेपही होते. हर्नडन आणि त्यांचे प्राध्यापक मायकेल अ‍ॅश व रॉबर्ट पोलिन यांनी २०१३ साली फेरगणित मांडले, तेव्हा उणे ०.१ टक्क्याच्या जागी अधिक २.२ टक्के असे उत्तर आले. मूळ लेखकांनी सूत्रातील चूक मान्य केली. उर्वरित आक्षेप मात्र त्यांना मान्य झाले नाहीत.

अर्थशास्त्रातील हा वाद बाजूला ठेवला तरी एक प्रश्न उरतोच. जगभर उद्धृत होणाऱ्या गणितातील साधी चूक तीन वर्षे कोणालाच कशी दिसली नाही? एक्सेलच्या चौकटीत उत्तर दिसते; ते कसे आले हे सांगणारे सूत्र त्या चौकटीमागे दडलेले असते, आणि ती कार्यपत्रिकाही लेखकांच्या संगणकाबाहेर आलेली नव्हती. हर्नडन आणि त्यांच्या प्राध्यापकांनी याच्या नेमका उलट मार्ग पत्करला. त्यांनी आपले फेरगणित 'आर' नावाच्या मुक्तस्रोत संगणकभाषेत लिहिले आणि ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सर्वांसाठी खुले केले.

दोन 'आर'ची भाषा

'आर'चा जन्म न्यूझीलंडमधला. ऑकलंड विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांना १९९० च्या दशकाच्या आरंभी विद्यार्थ्यांच्या संगणक-प्रयोगशाळेसाठी चांगले सॉफ्टवेअर हवे होते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासून विकसित केलेली 'एस' ही भाषा त्या काळी संख्याशास्त्रज्ञांत नावाजलेली होती. तिच्याच वळणाची छोटी भाषा या दोघांनी स्वतः लिहायला घेतली. दोघांच्याही नावाचे इंग्रजी आद्याक्षर 'आर', आणि वर्णमालेत ते 'एस'च्या अगोदरचे. नाव ठरायला तेवढे पुरले.

खरे वळण आले ते १९९५ साली. स्वित्झर्लंडमधील संख्याशास्त्रज्ञ मार्टिन मेखलर यांच्या आग्रहावरून इहाका आणि जंटलमन यांनी ही भाषा 'जनरल पब्लिक लायसन्स' या परवान्याखाली खुली केली. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरावे, त्याची मूळ आज्ञावली वाचावी, तिच्यात बदल करावा आणि ते इतरांना द्यावे, अशी मुभा हा परवाना देतो. अट एवढीच की बदललेली आवृत्ती वाटणाऱ्याने पुढच्यालाही हेच हक्क दिले पाहिजेत. १९९७ पासून विविध देशांतील तज्ज्ञांचा एक गट या भाषेची देखभाल करू लागला. पुढे 'एस'चे जनक चेंबर्सही त्यात सामील झाले. २९ फेब्रुवारी २००० रोजी पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली.

मूळ भाषेइतकेच महत्त्व तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या पॅकेजांना आहे. पॅकेज म्हणजे विशिष्ट कामासाठी कोणीतरी लिहून ठेवलेल्या आज्ञावलींचा संच. कर्करोगाच्या रुग्णांच्या जगण्याच्या कालावधीचे विश्लेषण, पावसाच्या नोंदींचे नकाशे, जनुकांचे मापन, निवडणुकीच्या चाचण्यांतील नमुन्यांना भार देणे, अशा असंख्य कामांसाठी अशी पॅकेजे आहेत. 'क्रॅन' या त्यांच्या जागतिक भांडाराची १९९७ साली सुरुवात झाली तेव्हा त्यात जेमतेम १२ पॅकेजे होती. ही संख्या आता २० हजारांच्या पुढे गेली आहे. एखाद्या संख्याशास्त्रज्ञाने नवी पद्धत शोधली की तिचे पॅकेजही पुष्कळदा तोच लिहितो, आणि मग जगात कोठेही बसलेला विद्यार्थी ती पद्धत आपल्या आकडेवारीवर एक पैसाही न मोजता पडताळून पाहू शकतो.

काम करण्याची रीतही एक्सेलहून वेगळी आहे. फाइल वाचावी, ९० टक्क्यांवरील नोंदी निवडाव्यात, देशवार सरासरी काढावी, आलेख रेखाटावा, अशा आज्ञा एकाखाली एक लिहिल्या जातात. ही यादी हीच त्या विश्लेषणाची वही. उत्तर संशयास्पद वाटले तर शाळेतील गणिताप्रमाणे पायरी-पायरीने मागे जाऊन कोठे चुकले ते शोधता येते, आणि शोधणारा मूळ लेखकच असला पाहिजे असे नाही.

सरासरी लपवते ते चित्र दाखवते

पायऱ्या बरोबर असल्या तरी आकडे फसवू शकतात. येल विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्सकॉम यांनी १९७३ साली याचा एक सुंदर दाखला दिला. त्यांनी प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच तयार केले. चारही संचांत आडव्या अक्षावरील आकड्यांची सरासरी ९ आणि उभ्या अक्षावरील आकड्यांची सुमारे ७.५, विखुरलेपण जवळपास सारखे, सहसंबंधही सुमारे ०.८२ इतकाच. कोष्टक पाहणाऱ्याला चारही संच जुळी भावंडे वाटावीत. आलेख काढला की मात्र चार निराळी चित्रे समोर येतात. पहिल्यात बिंदू एका सरळ रेषेच्या आसपास विखुरलेले, दुसऱ्यात ते कमानीसारखे वळलेले. तिसऱ्यात दहा बिंदू एका रेषेत आणि अकरावा भलतीकडेच. चौथ्यात दहा बिंदू एकाच उभ्या रेषेवर आणि केवळ एका दूरच्या बिंदूमुळे संबंधाचा सारा आभास. 'आर' संगणकावर घेतली की हे चारही संच सोबतच मिळतात.

आलेखांच्या क्षेत्रात 'आर'ला नावलौकिक मिळवून दिला तो 'जीजीप्लॉट२' या पॅकेजने. ऑकलंड विद्यापीठातच शिकलेले हॅडली विकम यांनी अमेरिकेत पीएच.डी. करीत असताना ते रचले आणि २००७ साली ते प्रसिद्ध झाले. लेलंड विल्किन्सन यांनी १९९९ साली एका ग्रंथात मांडलेली 'आलेखांचे व्याकरण' ही कल्पना त्याच्या मुळाशी आहे. स्तंभालेख, रेषालेख, वर्तुळालेख हे सुटे साचे न मानता प्रत्येक आलेखाचे घटक वेगळे करायचे, असे हे व्याकरण सांगते. कोणती आकडेवारी, तिचा कोणता भाग कोणत्या अक्षावर, कशासाठी रंग, कशासाठी आकार, आणि ती बिंदूंनी दाखवायची की रेषांनी, हे एकेक करून ठरवायचे. मोजक्या शब्दांतून व्याकरणाच्या बळावर अगणित वाक्ये होतात, तसे या मोजक्या घटकांतून हवे ते आलेख घडविता येतात. बीबीसीच्या पत्रकारांनी आपल्या बातम्यांतील आलेख याच पॅकेजच्या आधारे करण्याची पद्धत बसविली आणि त्यासाठीची आज्ञावली २०१९ साली सर्वांसाठी खुली केली.

या क्षेत्रात 'आर' एकटी नाही. पायथन या भाषेतील 'मॅटप्लॉटलिब' हे आलेखांचे साधन मेंदूविज्ञानाचे अभ्यासक जॉन हंटर यांनी अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत-नोंदी पाहण्याच्या गरजेतून लिहिले. त्याची पहिली आवृत्ती २००३ ची. कोष्टकांवर काम करणारे 'पांडाज' हे पॅकेज वेस मॅकिनी यांनी २००८ साली एका गुंतवणूक संस्थेत नोकरी करताना लिहायला घेतले. कृष्णविवराचे एप्रिल २०१९ मध्ये जगापुढे आलेले पहिले चित्र तयार करतानाही पायथनमधील अशी मुक्तस्रोत साधने वापरली गेली होती. आज्ञा लिहिण्याचा धसका घेणाऱ्यांसाठी 'जॅस्प' आणि 'जमोवी' ही सॉफ्टवेअर आहेत. त्यांत माऊसने पर्याय निवडायचे. आतील बरेचसे गणित 'आर'च करते.

हमी कोणाची?

फुकट मिळालेल्या वस्तूवर विश्वास कसा ठेवायचा, ही शंका स्वाभाविक आहे. 'आर' सुरू करताच पडद्यावर पहिल्या काही ओळींतच सूचना येते, की या सॉफ्टवेअरला कोणतीही हमी नाही. 'एसएएस' या व्यापारी सॉफ्टवेअरच्या कंपनीतील एका अधिकाऱ्याने २००९ साली अमेरिकी वृत्तपत्राशी बोलताना टोला लगावला होता, की विमानांची इंजिने बनविणारे आपले ग्राहक फुकटची साधने वापरीत नाहीत, हे विमानात बसताना बरे वाटते.

या शंकेचे उत्तर 'आर'च्याच एका दोषाने दिले. मोठ्या यादीतून कोणताही पक्षपात न करता काही नावे निवडणे हे संख्याशास्त्रातील अगदी मूलभूत काम. बर्कले येथील फिलिप स्टार्क आणि केली ओटोबोनी यांनी दाखवून दिले, की यादी अतिप्रचंड असेल तर 'आर'च्या निवडपद्धतीत प्रत्येक नोंदीला समान संधी मिळत नाही. मूळ आज्ञावली वाचता आल्यामुळेच हे दोघे दोषाच्या नेमक्या ओळीपर्यंत पोहोचू शकले. एप्रिल २०१९ मधील ३.६.० या आवृत्तीत निवडपद्धत बदलण्यात आली. जुने निष्कर्ष पडताळून पाहता यावेत म्हणून जुनी पद्धतही पर्याय म्हणून राखण्यात आली. बंद सॉफ्टवेअरमध्ये असा दोष कंपनीबाहेरील माणसाला उत्तरांवरून फार तर जाणवला असता. कारणापर्यंत जाणे त्याच्या हाती नसते.

औषधांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही २०१५ साली स्पष्ट केले, की चाचण्यांच्या विश्लेषणासाठी अमुकच सॉफ्टवेअर वापरावे असे बंधन नाही. जे वापरले त्याची नोंद मात्र नीट द्यावी. त्यानंतर २०२१ साली 'आर'मध्ये केलेल्या विश्लेषणाचा संच या प्रशासनापुढे प्रायोगिक तत्त्वावर मांडण्यात आला.

अर्थात, मुक्तस्रोत म्हणजे निर्दोष असा अर्थ कोणी काढू नये. अनेक पॅकेजांचा भार एक-दोन व्यक्तींच्या फावल्या वेळावर असतो. आवृत्ती बदलली की जुनी आज्ञावली कधी अडते, तर कधी चूक न दाखवता निराळे उत्तर देते. आणि अयोग्य पद्धत निवडणाऱ्याला कोणतेही सॉफ्टवेअर वाचवू शकत नाही. खुलेपणामुळे चूक सापडण्याचा मार्ग मोकळा होतो, एवढेच. त्या मार्गाने जाणारे कोणीतरी असावे लागते.

वही आणि आकडे

भारताचा या विषयाशी संबंध जुना आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ साली मांडलेले 'महालनोबिस अंतर' एकमेकांत गुंतलेली अनेक मापे एकदम लक्षात घेऊन एखादी नोंद समूहापासून किती वेगळी आहे, हे सांगते. 'आर'मध्ये त्यासाठी त्यांच्याच नावाची आज्ञा आहे. महालनोबिस यांच्याच पुढाकाराने १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत २ लाख ६१ हजारांहून अधिक कुटुंबांची माहिती घेण्यात आली आणि नावे-पत्ते वगळून कुटुंबनिहाय नोंदी २०२४ साली अभ्यासकांसाठी खुल्या झाल्या. त्यामुळे धान्यावरील खर्च घटला की नाही, शहर आणि खेडे यांतील दरी किती, हे कोणताही महाविद्यालयीन विद्यार्थी साध्या संगणकावर स्वतः तपासू शकतो. ही साधने शिकायची सोयही दूर नाही. पवईच्या आयआयटीतील 'फॉसी' हा प्रकल्प मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा प्रसार करतो. तेथीलच 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात 'आर'चे पाठ आहेत आणि त्या प्रकल्पाचे अनेक पाठ मराठीसह विविध भारतीय भाषांत उपलब्ध आहेत.

मात्र साधन खुले असून भागत नाही. आकडेही खुले असावे लागतात. याच मालिकेतील २०१७-१८ च्या पाहणीचे निष्कर्ष आकडेवारीच्या दर्जाचे कारण देऊन प्रसिद्ध न करण्याचा निर्णय सरकारने २०१९ साली घेतला, तेव्हा त्या दर्जाची स्वतंत्र तपासणी करण्याचा मार्गही अभ्यासकांना उरला नाही. अ‍ॅमहर्स्टच्या विद्यार्थ्यालाही मूळ कार्यपत्रिका हाती येईपर्यंत चूक सापडली नव्हतीच. दारिद्र्य घटले, रोजगार वाढला, लस परिणामकारक ठरली, अशी विधाने शहरी वाचकापुढे रोज येतात आणि त्यांवरून कोट्यवधींचे निर्णय होतात. त्यांतील प्रत्येक गणित वाचक स्वतः करणार नाही. परंतु मूळ आकडे आणि त्यांवर केलेली आकडेमोड दुसऱ्या कोणाला तपासता येण्याजोगी आहे काय, एवढा प्रश्न तो निश्चितच विचारू शकतो. ती तपासण्याची साधने आता विनामूल्य हाताशी असल्याने, वही बंद ठेवण्याचे कारण सांगण्याची जबाबदारी ती बंद ठेवणाऱ्यावर येते.