अडखळण्याचे दगड

सार्वजनिक शिल्प म्हटले की आपल्यापुढे चौथरा येतो, चौथऱ्यावर पुतळा आणि पुतळ्याच्या गळ्यात गेल्या जयंतीचा सुकलेला हार. त्याच्याकडे पाहायचे तर मान वर करावी लागते, आणि तशी मान करून चालण्याची सवय कोणालाच नसल्यामुळे बहुतेक पुतळे न पाहिलेलेच राहतात. जर्मनीतील गुंटर डेमनिग या शिल्पकाराने ही व्यवस्थाच उलटी केली. त्याने आपले शिल्प पायाखाली ठेवले.

शिल्प तरी कसले! सुमारे १० सेंटिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा, माथ्यावर पितळेचा पत्रा आणि त्यावर हाताने ठोकून उमटवलेल्या काही ओळी. बहुधा 'इथे राहत होता' किंवा 'राहत होती' एवढीच सुरुवात. मग नाव, जन्मसाल, पकडून नेल्याचे साल, छावणी आणि शेवट. नाझी राजवटीने ज्यांना छळले, हद्दपार केले वा ठार मारले, त्यांची ही नावे. त्यांत ज्यू सर्वाधिक. पण सिंती आणि रोमा, राजकीय विरोधक, मनोरुग्ण, अपंग हेही आहेत. तो माणूस शेवटचा आपखुशीने ज्या घरी राहिला, त्याच्या दारापुढील पदपथात हा ठोकळा फरशीशी समपातळीत बसवतात. जर्मन भाषेत त्याला अडखळण्याचा दगड म्हणतात. पायाला ठेच लागत नाही, हे सांगायला नकोच.

१६ डिसेंबर १९९२ रोजी, सिंती व रोमांना ऑशवित्झला धाडण्याच्या हिमलरच्या हुकमाला ५० वर्षे झाली त्या दिवशी, डेमनिगने त्या हुकमाचे आरंभीचे शब्द कोरलेला दगड कोलोनच्या नगरभवनापुढे बसवला. १९९६ साली बर्लिनमध्ये त्याने परवानगीवाचूनच दगड बसवले. संमती मागाहून आली. मे २०२३ मध्ये न्यूरेंबर्गला १,००,००० वा दगड बसला.

पण संख्येपेक्षा आम्हाला जागा महत्त्वाची वाटते. साठ लाख ज्यू मारले गेले, हे वाक्य आपण ऐकतो आणि पुढे जातो. एवढा आकडा मनात मावत नाही. एकाच दारापुढे चार दगड दिसले, दोन आईबापांचे, दोन मुलांचे, तर वाटसरू नकळत मनाशी वजाबाकी करू लागतो: मुलगी नेली तेव्हा किती वर्षांची होती? आणि मग त्याची नजर समोरच्या खिडक्यांकडे जाते. घडले ते दूर पोलंडातल्या तारेच्या कुंपणाआड, असे म्हणण्याची सोय उरत नाही. त्याची सुरुवात या दारात, शेजाऱ्यांच्या देखत झाली होती.

या कल्पनेला म्युनिकमध्ये मोठा विरोध झाला, आणि तो हलक्या माणसांचा नव्हता. लहानपणी एका शेतकरी घरात लपून वाचलेल्या शार्लोट क्नोब्लोख या तेथील ज्यू समाजाच्या अध्यक्षा. मारल्या गेलेल्यांची नावे पुन्हा बुटांखाली तुडवली जाणार, हे त्यांना असह्य वाटले. २००४ साली आणि पुन्हा २०१५ साली नगरपालिकेने सार्वजनिक रस्त्यांवर या दगडांना मनाई केली. २०१८ पासून तेथे भिंतीवर नामफलक लावतात.

आपल्याला हा वाद परका वाटू नये. पंढरपूरची नामदेव पायरी आपण जाणतो. संतांची पायधूळ लागावी म्हणून नामदेवांनी ती जागा मागितली, अशी श्रद्धा आहे. वारकरी मात्र तिच्यावर पाय न देता माथा टेकतात. फरक एवढाच, की नामदेवांनी ती जागा स्वतः मागितली. या मृतांना कोणी विचारले नाही. म्हणून क्नोब्लोखबाईंचा आक्षेप आम्हाला खोडता येत नाही. तरीही आमचे मत डेमनिगच्या बाजूला झुकते. जमिनीवरची बारीक अक्षरे वाचायची तर मान लववावीच लागते, हे त्याचे उत्तर आम्हाला पटते.

शिवाय पितळ उघड्यावर काळवंडते. १९३८ साली ९ नोव्हेंबरच्या रात्री ज्यूंची दुकाने आणि प्रार्थनामंदिरे फोडली गेली. त्या तारखेच्या सुमारास अनेक गावांतले रहिवासी फडके आणि पॉलिश घेऊन पदपथावर गुडघे टेकतात व आपल्या दारापुढचे नाव घासून काढतात.