डिलाइल रोडचे जोशी

लोअर परळ स्टेशनातून बाहेर पडून टॅक्सीवाल्याला 'ना. म. जोशी मार्ग' म्हणून बघा. तो क्षणभर थांबेल आणि विचारेल, "डिलाइल रोड ना?" इथला पूल २०१८ साली बंद झाला, तो पुरता खुला व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. त्या पाच वर्षांत या रस्त्याने भरपूर शिव्या खाल्ल्या. पण पाटीवरचे जोशी कोण, हे आमच्या वर्गात विचारलं तर कुणालाच ठाऊक नव्हतं. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "मॅडम, बिल्डर असतील."

या भागात राहून असा अंदाज करणं फारसं चूक नाही म्हणा.

आमचा वर्ग भरतो चाळीतल्या तळमजल्याच्या एका खोलीत. एक छोटी संस्था अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींना नोकरीसाठी तयार करते: संगणक, बिलिंग, गिऱ्हाइकाशी बोलणं, मुलाखत. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी शनिवारी संध्याकाळी हिशेब आणि अर्जलेखन शिकवायला जाऊ लागले. खरं सांगायचं तर वेळ जात नव्हता म्हणून. मनात थोडा उपकाराचा भावही होता, तो आता आठवला की संकोच वाटतो.

तर जोशी. नारायण मल्हार जोशी, जन्म १८७९, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा. पदवीनंतर काही वर्षं मास्तरकी केली आणि १९०९ साली गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. तिथे शिरताना शपथ घ्यावी लागे: स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्तीचा कणही खर्च करणार नाही, संस्था देईल त्यात कुटुंबाचं भागवीन. आम्ही शनिवारचे दोन तास देतो आणि त्याला स्वयंसेवा म्हणतो. या माणसाने सगळा संसारच त्या खात्यावर टाकला होता.

१९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. सर नारायण चंदावरकर अध्यक्ष आणि जोशी चिटणीस. रात्रशाळा, पेटीतून वस्तीवस्तीत फिरणारी वाचनालयं, सहकारी पतपेढ्या, गिरणी कामगारांसाठी वस्त्रोद्योगाचे तांत्रिक वर्ग, बायकांसाठी शिवणकाम असा पसारा हळूहळू वाढला. गिरणीत काम शिकण्याची रूढ पद्धत वेगळीच होती. गावाकडचा काका नाहीतर मामा सांच्यावर असायचा, त्याच्या शेजारी उभं राहून हात बसवायचा. कामावर घेणाऱ्या जॉबरची मर्जी सांभाळायची. मग सकाळी फाटकाशी बदली कामगारांच्या रांगेत ताटकळायचं. हाताला काम येई, पण पगाराच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नसे. रात्रशाळेचं मोल तिथे होतं.

आता एक तारीख शेजारी ठेवून बघा. लीग निघाली त्याच १९११ साली नवा कारखाना कायदा झाला आणि कापड गिरणीतल्या प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांवर आला. 'आला' म्हणजे आधी त्याहून मोठा होता! बारा तास सांच्यापुढे उभा राहिलेला माणूस रात्री कंदिलाशी बसून बाराखडी गिरवत असेल, तर पेंगणार नाही का? जोशी शाळा काढायला निघाले आणि घड्याळापाशी पोचले, असं मला वाटतं. १९१९ साली वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते. १९२० मध्ये आयटक ही कामगार संघटनांची मध्यवर्ती संस्था उभी करणाऱ्यांतही ते होते. १९२२ च्या कायद्याने दिवस अकरा तासांचा आणि आठवडा साठ तासांचा झाला. मग मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी बाळंतपणाच्या रजेचं विधेयक मांडलं, ते पडलं. मुंबई इलाख्यात तो कायदा १९२९ साली झाला.

परळचं दामोदर नाट्यगृह ही लीगचीच वास्तू, १९२२ ची. कामगार रंगभूमीसाठी तिचं नाव घेतलं जातं. पण बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढण्याच्या विचारासाठी ९ मार्च १९२४ ला बैठक इथेच बोलावली आणि पुढे सभेची कचेरीही इथेच होती, हे नाटकाला जाणाऱ्या किती जणांच्या लक्षात असेल? २०२३ च्या अखेरीस ते नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झालं. जोशींच्या नावाच्या रस्त्यावर बीडीडीच्या बत्तीस चाळी होत्या, एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्यांच्या. तिथेही आता टॉवरची भाषा आहे.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावाचं काय झालं ते नव्याने सांगायला नको. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे आजोबा गिरणीत होते. त्याच जमिनीवरच्या मॉलमध्ये नातू फरशी पुसतो, नाहीतर शर्टांच्या घड्या घालतो.

त्यातलाच एक जण पहिल्या महिन्यात दर शनिवारी पेंगायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "अरे, झोपायचंय तर घरी जा ना." शेजारची मुलगी हळूच बोलली, "मॅडम, तो नाइट करून आलाय. दुपारी पाणी भरायला उठला." मला काही सुचेना. माझे दोन तास उरलेल्या वेळातले होते. त्याचे झोपेतून काढलेले. घरी जाताना मी पहिल्यांदाच रस्त्याच्या नावाच्या निळ्या पाटीकडे नीट पाहिलं आणि जोशींबद्दल वाचायचं ठरवलं. त्या अर्थी हा लेख त्या पोरामुळे झालाय.

अर्जलेखनाच्या तासाला माझा एक हट्ट असतो. जुन्या मसुद्यातलं 'आपला आज्ञाधारक' मी खोडायला लावते. "मग काय लिहू?" "आपला विश्वासू लिही, आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव." पूर्ण नाव लिहिताना काही जण आईचंही घालतात. छान दिसतं ते.

गेल्या महिन्यात तोच पेंगणारा मुलगा मोबाइलवर पगाराची पावती घेऊन आला. मी त्या आठवड्यात तासांचे हिशेब घेतले होते, म्हणजे दिवसाचे इतके तास, जादा किती, दर काय.

"मॅडम, ओव्हरटाइम डबल असतो ना?"

"असतो."

"मग हे बघा. सिंगलच लावलाय."

मी फळा पुसला आणि खडू त्याच्या हातात दिला. त्याने तारखा मांडल्या, तास मांडले. एका ओळीत हातचा विसरला, तर मागून तिघं एकदम ओरडले. मग प्रत्येकाने आपापला मोबाइल काढला. त्या संध्याकाळी मुलाखतीची तालीम झालीच नाही. खोली पुढच्या वर्गाला द्यायची होती. ते दाराशी चपला काढून उभे होते, तरी फळ्यावरची बेरीज कुणी पुसू देईना.