विजेच्या गाड्या, लेखांक ४ : नॉर्वेने कर कुठे लावला

नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ८८.९ टक्के मोटारी निव्वळ बॅटरीवर धावणाऱ्या होत्या. २०१२ मध्ये हेच प्रमाण सुमारे तीन टक्के होते. हिवाळा कडक, रस्ते डोंगराळ, लोकवस्ती जेमतेम पंचावन्न लाख. विजेच्या गाडीला अनुकूल असा हा देश वरकरणी तरी वाटत नाही.

सुरुवात झाली ती एका चळवळीतून. १९८९ मध्ये 'आ-हा' या लोकप्रिय वाद्यवृंदातील मॉर्टेन हार्केट आणि मागने फुरुहोलमेन यांनी बेलोना या पर्यावरणवादी संघटनेच्या फ्रेडरिक हाउगे यांच्याबरोबर विजेवर चालणारी एक फियाट पांडा देशात आणली. ओस्लोच्या टोलनाक्यांवर ही मंडळी पैसे भरायलाच तयार होईनात. दंड थकला, गाडी जप्त झाली, लिलावात निघाली आणि संघटनेनेच ती पुन्हा विकत घेतली. हा उद्योग बराच काळ चालला आणि त्याला प्रसिद्धीही भरपूर मिळाली.

सवलती मात्र एका फटक्यात मिळाल्या नाहीत. १९९० मध्ये विजेच्या गाड्यांचा नोंदणी कर तात्पुरता माफ झाला. १९९७ मध्ये टोल गेला, १९९९ पासून नगरपालिकांच्या वाहनतळांवर त्या फुकट उभ्या राहू लागल्या, २००१ मध्ये मूल्यवर्धित करही उठला. २००५ मध्ये बससाठी राखलेल्या मार्गिका त्यांना खुल्या झाल्या. त्या काळात बाजारात थिंक, बडी आणि बेंगळुरूत तयार होणारी रेवा अशा चिमुकल्या गाड्याच होत्या. त्या घेणाऱ्याला सकाळच्या कोंडीतून सुटका मिळे, आणि ओस्लोच्या उपनगरांत राहणाऱ्यांना तेवढे कारण पुरेसे होते. पुढे गाड्या इतक्या वाढल्या की बसच अडकू लागल्या. तेव्हा ओस्लोच्या पश्चिमेकडील ई-१८ महामार्गावर गर्दीच्या वेळी गाडीत चालकाखेरीज आणखी एक माणूस असण्याची अट घालावी लागली.

या यशाचे श्रेय अनेकदा 'अनुदाना'ला दिले जाते, आणि तिथेच गफलत होते. नॉर्वेने विजेची गाडी स्वस्त केली त्यापेक्षा पेट्रोलची गाडी महाग ठेवली. तिथे गाडीचे वजन, तिच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर नोंदणी कर बसतो. वर मूल्यवर्धित कर असतोच. फोक्सवॅगन गोल्फची विजेवरची आवृत्ती कारखान्यातून निघताना पेट्रोलच्या गोल्फपेक्षा बरीच महाग होती, पण नॉर्वेच्या दुकानात दोन्हींच्या किमती जवळपास सारख्याच पडत. हा कर लावणे सरकारला राजकीयदृष्ट्या सोपे गेले, कारण देशात मोठा मोटार उद्योग नव्हता; कारखाने आणि कामगार संघटना यांचा विरोध उभा राहिला नाही. सरकारे बदलली तरी धोरण टिकले. २०१७ मध्ये तर २०२५ पासून विकली जाणारी प्रत्येक नवी मोटार शून्य-उत्सर्जनाची असावी, असे उद्दिष्ट ठरले. पेट्रोल गाड्यांवर बंदी मात्र घातली गेली नाही.

आणखी दोन गोष्टी नॉर्वेच्या पथ्यावर पडल्या. देशातली सुमारे ९० टक्के वीज धरणांतून येते, म्हणून चार्जिंगसाठी कोळसा जाळावा लागत नाही. आणि बुडालेल्या कराची झळ सोसण्याइतका पैसा तेल व नैसर्गिक वायूच्या निर्यातीतून येतो. घरच्या गाड्या विजेच्या आणि तेल मात्र जगाला विकायचे, ही विसंगती खरीच आहे. हवामानाच्या दृष्टीने ते तेल कुठे जळते याने काही फरक पडत नाही, आणि नॉर्वेचे कौतुक करताना हे विसरता कामा नये.

सवलती आता आटोपत्या घेतल्या जात आहेत. २०२३ मध्ये पाच लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर मूल्यवर्धित कर लागू झाला, विजेच्या गाड्यांनाही वजनावरचा कर आला आणि टोलची पूर्ण माफी त्याआधीच संपली. तरी नव्या मोटारींच्या विक्रीतला विजेच्या गाड्यांचा वाटा घटला नाही. रस्त्यावरचे चित्र मात्र विक्रीइतक्या झपाट्याने बदलत नाही, कारण मोटार पंधरा-वीस वर्षे टिकते. सप्टेंबर २०२४ मध्ये नोंदणीकृत विजेच्या गाड्यांनी पेट्रोल गाड्यांना मागे टाकले, पण त्या वेळी सर्वाधिक संख्या डिझेल गाड्यांचीच होती.