पट्टीवरचं काळं तेल

2023 च्या फेब्रुवारीत वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशात विक्रीला आलं आणि दोनेक वर्षांत गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावसारख्या तालुक्याच्या गावीही पंपावर दुसरं काही मागायची सोय उरली नाही. मोटारसायकलवाल्यांनी मायलेजवरून ओरड केली आणि ती छापूनही आली. ज्याला गावोगाव नुसतं ‘कटर’ म्हणतात त्या चेनसॉचं दुखणं मात्र कुणी विचारलं नाही. त्याच्या टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाला वेगळी जागा नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल हेच त्याचं वंगण. इथेनॉल ओल ओढून घेतं, पावसाळ्यात तर जास्तच. ही ओल मर्यादेपुढे गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाला बसतात, तेल वरच्या पेट्रोलसोबत राहतं, आणि इंधन ओढणारी नळी असते नेमकी तळाशी. पिस्टन धरला की दोष दुकानदाराच्या माथी. या निमित्ताने कटरच्या तेलाचा विषय निघाला खरा, पण अर्धाच. कटरला टाक्या दोन असतात. एकीत इंजिनाचं मिश्रण, दुसरीत चेनचं आणि ती ज्या पट्टीवरून धावते त्या पट्टीचं तेल. पहिल्या टाकीवर वाद झाले. दुसरीत गेली वीस-पंचवीस वर्षं काय ओतलं जातंय, याकडे कुणाचं लक्ष नाही. मागे वळून पाहिलं तर दिसतं ते असं, की तेल निवडणं आपण केव्हाच सोडलं आणि जे फुकटात हाताशी आलं ते ओतत राहिलो.

फार जुन्या काळात रमण्याचं कारण नाही. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी 1926 मध्ये विजेवरची आणि 1929 मध्ये पेट्रोलवरची करवत बनवली, तेव्हा आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत कुऱ्हाड आणि अरकस यांचंच राज्य होतं, आणि ते पुढे कितीतरी वर्षं टिकलं. एवढं मात्र नोंदवायला हवं, की वंगण हा शब्द कारखान्यातून आलेला नाही. बैलगाडीच्या आसाला काय लावायचं हे गाडीवानाला ठाऊक असे. करंजीचं तेल, एरंडेल, आणि चिंधीचा किंवा तागाचा बोळा. दिव्याचं तेल, खायचं तेल आणि आसाचं तेल एकच नसतं, ही समज घाण्याच्या काळात घरोघरी होती. जवसाचं तेल लाकडाला चोपडायचं, कारण ते हवेवर वाळून त्याचा पापुद्रा धरतो. आणि नेमक्या त्याच कारणासाठी ते फिरत्या आसाला चालत नाही. हे रसायनशास्त्र कुणी शिकवलेलं नव्हतं, पण होतं चोख.

थांबावं लागतं ते 1999 ते 2009 या दशकापाशी. 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याच सुमारास टू-स्ट्रोक तेलाचं जग बदलत होतं. सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये दिल्लीत सुटं टू-टी तेल विकायला बंदी घातली, कमी धुराच्या तेलाचे निकष आले, आणि मग धुराच्या नियमांनी टू-स्ट्रोक गाड्याच रस्त्यावरून हटवल्या. दिल्लीच्या हवेसाठी ते योग्यच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याबरोबर एक गोष्ट गेली, तिचा हिशेब कुणी मांडला नाही. पेट्रोल पंपावर दांडा ओढून लिटरमागे ठरावीक तेल सोडणारं यंत्र गेलं आणि त्याच्यासोबत प्रमाण नावाची गोष्ट लोकांच्या डोक्यातून गेली. लुना, राजदूत किंवा स्कूटर चालवणाऱ्या माणसाला तेल कमी पडलं तर काय होतं आणि जास्त झालं तर प्लग कसा काळा पडतो, हे पाठ होतं. पुढच्या काळात चिनी बनावटीचे 52 आणि 58 सीसीचे स्वस्त कटर आले ते नेमके हे ज्ञान विस्मरणात गेल्यावर. एकास पन्नास म्हणजे लिटरला 20 मिली, एकास पंचवीस म्हणजे 40 मिली. कोणत्या यंत्राला कोणतं, हे इंग्रजीतल्या पुस्तिकेत दडलेलं. आणि चेनच्या टाकीबद्दल तर पूर्वानुभवच नव्हता, कारण लुनाला पट्टी नव्हती. ती पोकळी गॅरेजमधल्या काळ्या ऑइलने भरून काढली. मोटारसायकलचं, ट्रॅक्टरचं काढलेलं जळकं तेल डब्यात साठलेलंच असतं. ते ओतलं, चेन फिरली, प्रश्न मिटला.

याच दशकातली दुसरी गंमत जास्त बोचते. 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने जैवइंधनाचा मोठा आराखडा मांडला. मोगली एरंड, म्हणजे जट्रोफा, आणि करंज यांच्या तेलावर देशातल्या डिझेलगाड्या पळणार होत्या. रोपं वाटली गेली, भाषणं झाली, 2009 च्या धोरणात वीस टक्क्यांचं लक्ष्यही लिहून झालं. डिझेल करायचं तर तेलावर रासायनिक प्रक्रिया हवी, प्रकल्प हवा, अफाट बी हवं. यातलं काहीच पुरेसं जमलं नाही. पण करंजीचं तेल जिथे रासायनिक प्रक्रियेविना कामाला येऊ शकत होतं, त्या चेनच्या टाकीकडे एकाही योजनेने पाहिलं नाही. इंजिनात जाळायचं तेल ते राष्ट्रीय, पट्टीवर सोडायचं ते किरकोळ, असा काहीसा हिशेब असावा.

हा प्रश्न किरकोळ नाही, याचं कारण त्या टाकीच्या रचनेतच आहे. मोटारसायकलमध्ये घातलेलं तेल इंजिनात राहतं आणि बदलताना परत निघतं. चेनचं तेल परत येत नाही. सेकंदाला वीसेक मीटर वेगाने धावणारी चेन ते पट्टीच्या टोकावरून उडवते आणि ते भुशात, ओंडक्यात, मातीत आणि चालवणाऱ्याच्या पॅन्टवर जातं. बऱ्याच स्वस्त कटरमध्ये इंधनाची टाकी साधारण 550 मिलीची आणि चेनच्या तेलाची 260 मिलीची असते; दोन्ही सोबत रिकाम्या व्हाव्यात असाच तो मेळ असतो. दिवसाला पाच टाक्या पेट्रोल जाळलं तर सव्वा लिटरच्या वर तेल बांधावर सांडलं म्हणून समजा. ते काळं ऑइल असेल तर त्यात इंजिनाच्या झिजेची धातूची कणी असते, आणि पिस्टनपाशी जळताना तयार झालेली घातक संयुगंही असतात. अशुद्ध खनिज तेलांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. तेच लाकूड पुढे सरपण म्हणून चुलीत जातं. यंत्राच्या बाजूनेही हा तोट्याचाच सौदा: कणी तेलपंप खाते, पट्टीची खाच रुंदावते, आणि चिकटपणा नसल्यामुळे तेल टोकापर्यंत पोचण्याआधीच उडतं. फुकटच्या तेलापायी पट्टी आणि चेन लवकर बदलायची, याला काटकसर म्हणत नाहीत.

म्हणून काळ्या ऑइलऐवजी करंजीचं तेल वापरावं म्हटलं की आक्षेप येतात आणि ते सगळे पोकळ नाहीत. पहिला: वनस्पती तेल चिकट होऊन बसतं. जवसाबाबत हे शंभर टक्के खरं, सोयाबीनबाबत काही अंशी. महिनाभर पडून राहिली तर ही तेलं चेन पट्टीलाच डकवून टाकतील. करंजीचं तेल त्या जातीचं वाळणारं नाही, तरी वर्षभर टाकीत ठेवायचंही नाही. काम संपलं की टाकी रिकामी करून पट्टी पुसायची, एवढी शिस्त पाळावीच लागेल. दुसरा आक्षेप टोरीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलाचा. मोह आपल्याकडे मुबलक, मग टोरीच का नको? कारण ते थंडीत थिजतं, आणि गोंदियाचा डिसेंबर विदर्भात कुप्रसिद्ध आहे. सकाळी सात वाजता पंप काहीच ओढणार नाही. उन्हाळ्यात हवं तर वापरा. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: करंजीचं तेल चेनच्या विकत मिळणाऱ्या तेलापेक्षा पातळ असतं. मान्य. म्हणून त्यात थोडं एरंडेल घालून घट्टपणा आणावा लागतो, आणि मोठ्या पट्टीच्या, दिवसभर चालणाऱ्या यंत्राला कंपनीचं खास चेन ऑइलच घ्यावं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. नवं इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइल हा मधला मार्ग; यंत्राची अडचण भागते, मातीची तशीच राहते. पण एक गफलत कधीच नको: करंजी असो की एरंडेल, यातलं काही पेट्रोलमध्ये मिसळायचं नाही. तिथे यंत्राने सांगितलेल्या प्रतीचं सीलबंद टू-टीच, आणि मिश्रण त्या दिवसापुरतंच.

शेवटचा आक्षेप असा की एवढ्याशा तेलाने काय होतं, ट्रकच्या ट्रक डिझेल सांडतं. ऑस्ट्रियात जंगल आपल्यापेक्षा कमी जिव्हाळ्याचं नसावं. तिथे 1992 पासून चेनसॉला खनिज तेल वापरायला बंदी आहे आणि मोहरीच्या कुळातल्या रेपसीडचं तेल सर्रास चालतं. आपल्याकडे वापरलेलं तेल घातक कचऱ्याच्या नियमांत केव्हाच बसवलं आहे. ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवं. नियम डब्यापर्यंत आहे, डब्यातून टाकीत जाताना तो दिसेनासा होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन आदेशानंतर आरागिरण्यांच्या परवान्यांवर आपण तीन दशकं भांडलो, झाड कुणी तोडायचं यावर वनखातं आणि गावं झगडली, आणि तोडताना मुळाशी काय सांडतंय हे कुठल्याच फायलीत आलं नाही. 2020 मध्ये अन्न महामंडळाच्या गोदामातला तांदूळ इथेनॉलसाठी द्यायचं ठरलं, तेव्हा या भाताच्या पट्ट्यातलं पीकही कटरच्या पहिल्या टाकीत जाऊन बसलं. दुसऱ्या टाकीसाठी लागणारा करंज सावलीसाठी म्हणून रस्त्याकडेला लावलेला असतो. त्याच्या शेंगा उन्हाळ्यात झडतात, झाडलोटीत पानांबरोबर एका ढिगाला लागतात, आणि संध्याकाळी त्या ढिगाला कुणीतरी काडी लावतं.