रंगांतला थरार : चार चित्रं

मेडुसा (काराव्हाज्जो, सुमारे १५९७) : तोडलेलं, किंचाळणारं मस्तक. लाकडी ढालीवर कॅनव्हास चढवून रंगवलेलं. उफिझी, फ्लॉरेन्स.

प्रॉमिथियस (रुबेन्स, १६११–१८) : आग चोरल्याची शिक्षा. यकृत तोडणारा गरुड मात्र प्राणिचित्रकार फ्रान्स स्नायडर्सनं रंगवला. फिलाडेल्फिया.

अपोलो आणि मार्सियास (रिबेरा, १६३७) : संगीताच्या स्पर्धेत हरलेल्याची जिवंतपणी कातडी सोलताना देवाचा चेहरा शांत! चित्रातली खरी क्रूरता तीच. नेपल्स.

सॅटर्न (रुबेन्स, १६३६–३८) : सिंहासन जाईल या भीतीनं पोटच्या पोराचा घास घेणारा बाप. वरचे तीन तारे म्हणजे शनी. गॅलिलिओला दुर्बिणीतून तो तसाच तिहेरी दिसला होता. प्राडो, माद्रिद.